स्कार्फ कधी सोडायचा, आरसा किती बघायचा: दिसण्याच्या धास्तीवर काम करायचा क्रम

दिसण्याच्या धास्तीवर मुली काहीच करत नाहीत असं नाही. करतात, पण क्रम उलटा लावतात. एका रात्री ठरतं, ‘उद्यापासून मला कुणाचा काही फरक पडत नाही.’ दुसऱ्या दिवशी स्कार्फ, फाउंडेशन, गालावर ओढलेले केस सगळं एकदम बंद. तासाभरात छातीत धडधड सुरू होते, मुलगी कॉलेजातून मधूनच घरी येते, आणि त्यानंतर स्कार्फ आधीपेक्षा घट्ट बसतो. ‘करून बघितलं, आपल्याला जमत नाही’ हा निष्कर्ष पक्का होतो. चूक निश्चयात नसते, क्रमात असते.

लातूरला क्लाससाठी हॉस्टेलवर राहणारी, संभाजीनगरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, नांदेड-परभणीला नोकरी करणारी किंवा घरी स्थळं बघणं चालू असलेली, साधारण १६ ते २८ वयाची मुलगी डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. लागणारं साहित्य: एक शंभर पानी वही, पेन, घड्याळ. वेळ: रोज अर्धा-पाऊण तास, आठ ते बारा आठवडे. पहिले दोन आठवडे काहीच बदलल्यासारखं वाटणार नाही, हे गृहीत धरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चेहरा लपवला की धास्ती तेवढ्यापुरती उतरते. पण मन त्याची नोंद ‘लपवलं म्हणून निभावलं’ अशी करतं. ‘तसंही काही झालं नसतं’ हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून लपवणं, तपासणं आणि टाळणं हळूहळू काढून घ्यायचं. ‘स्वतःवर प्रेम करा’ वगैरे या लेखात नाही. ते ठरवून होत नसतं.

१. आधी डॉक्टरकडची कामं उरका

मनाचं काम सुरू करण्याआधी शरीराचं बघून घ्या. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि मुरुमं असं एकत्र असेल तर पीसीओएससाठी (बीजकोश आणि हार्मोन्सचा एक विकार) स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. केस फार गळतात, चढ चढताना दम लागतो, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. शाम्पू बदलून तो भरून निघत नाही.

मग घरातल्या क्रीमच्या ट्यूब काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. मैत्रिणीने सांगितलं, मेडिकलवाल्याने दिलं, आठ दिवसांत चेहरा उजळला, अशा वाटेने ही ट्यूब घरात येते. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसायला लागतात, मुरुमं आणि केसही वाढू शकतात. लावलं नाही की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावावं लागतं.

सावधान: अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

खालीलपैकी एखादी गोष्ट असेल तर वहीचा कार्यक्रम बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जेवल्यावर ओकारी काढणं, वजनासाठी जुलाबाच्या गोळ्या घेणं, चक्कर येऊन पडणं, खाणं तोडल्यापासून सलग तीन महिने पाळी न येणं, किंवा जगून काय उपयोग असा विचार येणं. ओकारी आणि जुलाबाने अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ही केवळ ‘डाएटची सवय’ नाही.

इतरांना न दिसणाऱ्या किंवा जेमतेम दिसणाऱ्या एखाद्या व्यंगाच्या विचारात दिवसाचा तासभर किंवा जास्त जात असेल, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. याची सुरुवात बहुतेकदा अठराच्या आतच होते. त्यावर औषधं आहेत, विशिष्ट प्रकारचं समुपदेशन आहे, आणि दोन्हींचा उपयोग होतो. नाकाच्या ऑपरेशनने किंवा लेझरने मात्र तो सहसा हटत नाही. नाक झालं की लक्ष हनुवटीवर जातं. म्हणून हे आठ-बारा आठवडे कुठल्याही ट्रीटमेंटचं आगाऊ पॅकेज भरू नका.

२. सात दिवस फक्त नोंद

वहीत पाच रकाने आखा: वेळ, जागा, काय केलं, किती मिनिटं, घालमेल आधी आणि नंतर (शंभरपैकी). नोंद अशी दिसेल:

‘सोमवार, सकाळी ७:४०. हॉस्टेलचा बेसिनवरचा आरसा. हनुवटीवरचे तीन फोड जवळून बघितले, एक दाबला. २५ मिनिटं. आधी ५५, नंतर ७५.’

शेवटचे दोन आकडे बघा. आरशात बघून बरं वाटेल म्हणून गेली आणि वीस अंकांनी बिघडवून परत आली. हे तुमच्याच अक्षरात, तुमच्याच वहीत दिसलं की पुढच्या टप्प्यांसाठी वेगळं कुणी पटवायला लागत नाही.

इथे तीन चुका होतात. पहिली, या आठवड्यातच सुधारायला लागणं. सुधारू नका, नुसतं मोजा. दुसरी, रात्री बसून आठवून लिहिणं. तासाभराच्या आत लिहिलं नाही तर निम्मं निसटतं. तिसरी, ‘आज घाण दिसत होते’ असं लिहिणं. हा शेरा झाला, नोंद नाही. काय *केलं* ते लिहा.

तपासा: आठवड्याच्या शेवटी दहाच्या खाली नोंदी असतील तर बरंच सुटलेलं आहे. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा, स्कूटीचा आरसा, एसटीच्या खिडकीची काच, दुकानाचं शोकेस, बोटांनी गाल चाचपणं, मनगटाला अंगठा-बोटाचा वेढा घालून बघणं, मैत्रिणीला ‘आज कशी दिसतेय’ विचारणं, हे सगळं मोजायचं.

३. नोंदींचे पाच ढीग करा

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका. त: तपासणं. ल: लपवणं. टा: टाळणं (लग्न, फोटो, पहिला बाक, उजेड). वि: विचारून खात्री करून घेणं. तु: तुलना. कुठला ढीग मोठा आहे ते बघा आणि त्यानुसार वेळ द्या. अनेकींना आपला प्रश्न लपवण्याचा वाटतो आणि ढीग निघतो विचारण्याचा.

४. आरसा

लपवण्यावर काम करण्याआधी आरशावर काम करायचं. कारण साधं आहे. घरातून निघायच्या आधी आरशासमोर वीस मिनिटं घालवली की घालमेल तिथेच सत्तरवर जाते. मग बाहेरची कुठलीही पायरी चढता येत नाही.

अ) अंतर ठरवा. हात लांब करून आरशाला बोटं टेकतील त्याच्याही एक पाऊल मागे. जमिनीवर खडूने किंवा पट्टीने खूण करा आणि दोन आठवडे ती ओलांडू नका. चार इंचांवरून कुणाचीही कातडी खडबडीत दिसते, आणि चार इंचांवरून तुम्हाला कुणी बघत नसतं.

आ) वेळा ठरवा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी पाच. वेणी, पावडर, टिकली सगळं त्यात. घड्याळ लावा.

इ) काम ठरवून जा. ‘भांग पाडायचा आहे’ हे काम. ‘कशी दिसतेय बघू’ हे काम नाही.

ई) बोटं चेहऱ्याला लावायची नाहीत. फोडलेल्या फोडाचा डाग आपल्या उन्हात आणखी गडद होतो आणि महिनोन्‌महिने राहतो.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज एक सराव जोडा. खुणेवर उभं राहून केसांपासून पावलांपर्यंत स्वतःचं पाच मिनिटं मोठ्याने वर्णन करायचं, जसं एखाद्या वस्तूचं करतात तसं. रंग, आकार, माप. ‘घाणेरडा डाग’ नाही, ‘डाव्या गालावर मसुराच्या डाळीएवढा तपकिरी डाग’. ‘हत्तीसारखे दंड’ नाही, ‘दंड कोपराच्या वर रुंद, रंग गव्हाळ’. प्रत्येक भागाला सारखाच वेळ. नाकावर तीन मिनिटं आणि बाकी सगळ्या अंगाला दोन असं झालं तर ते वर्णन नाही, पुन्हा तपासणीच. सुरुवातीला रडू येऊ शकतं. थांबा, पाणी प्या, राहिलेल्या भागापासून पुढे करा.

एक नेहमीची चूक: आरसाच झाकून टाकणं. आरशावर ओढणी टाकली की ढीग ‘त’ मधून ‘टा’ मध्ये जातो, कमी होत नाही.

सेल्फी कॅमेऱ्याला आरसा समजू नका. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. हा भिंगाच्या जवळपणाचा हिशोब आहे, तुमच्या नाकाचा नाही. फिल्टरचं ॲप काढून टाका. रात्री दहानंतर रील बघणं बंद. फोनबद्दल इतकंच.

५. स्कार्फची शिडी

आधी स्कार्फ उन्हाचा की धास्तीचा, हे ठरवा. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना स्कूटीवरून निघालेली प्रत्येक मुलगी तोंड बांधते आणि सनकोट चढवते. त्यात काही वावगं नाही. छेडछाडीपासून सुटका म्हणून किंवा घरच्या रीतीप्रमाणे चेहरा झाकत असाल तर तोही या शिडीचा विषय नाही. चार प्रश्न विचारा: संध्याकाळी सातनंतरही बांधता का? गाडी लावून झाल्यावर वर्गाच्या दारापर्यंत तसाच राहतो का? दुकानात आत गेल्यावर सुटत नाही का? मैत्रिणीच्या घरी सोडताना आधी काच शोधता का? दोनांना ‘हो’ आलं तर स्कार्फ धास्तीचा.

शिडीचा एक नमुना, शेजारी अपेक्षित घालमेलीसह:

– पार्किंगमध्येच स्कार्फ सोडून वर्गापर्यंत चालत जाणं: ३०
– संध्याकाळी गल्लीतल्या किराणा दुकानात तोंड न बांधता जाणं: ४०
– अभ्यासिकेत भिंतीकडचा कोपरा सोडून ट्यूबलाइटखालच्या मधल्या टेबलावर बसणं: ५०
– ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत उभं राहणं: ६०
– लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीत, बाजारात गर्दीच्या वेळी अर्धा तास फिरणं: ७०
– नात्यातल्या लग्नात फाउंडेशनशिवाय पहिल्या पंगतीला बसणं: ८५

तुमची शिडी तुमच्या वहीतून बनवा. सात-आठ पायऱ्या पुरे. सुरुवात तीस-चाळीसच्या पायरीवर. वीसच्या पायरीने काही शिकायला मिळत नाही. ऐंशीवरून सुरुवात केली तर ते सुरुवातीला सांगितलेलं रामायण घडतं.

आता एक पायरी कशी करायची ते किराणा दुकानावर बघू.

*निघण्याआधी* काय होईल याचा अंदाज लिहा, पण मोजता येईल असा. ‘वाईट वाटेल’ चालणार नाही. ‘दुकानदार माझ्या गालाकडे रोखून बघेल, आणि निदान दोघं जण काहीतरी बोलतील’ चालेल.

*तिथे* पळवाटा बंद. स्कार्फ काढला पण केस गालावर ओढले, हनुवटीवर हात ठेवला, मान खाली घालून फोन बघत राहिली, तर पायरी झाली नाही. सगळ्यात जास्त फसणारी जागा हीच. स्कार्फच्या जागी ओढणी आली की मन पुन्हा तीच नोंद करतं: लपवलं म्हणून निभावलं.

दुकानातलं काम दोन मिनिटांत उरकतं आणि घालमेल उतरायला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. म्हणून यादी फोडा. आधी पावशेर शेंगदाणे मागा. ते बांधून झाल्यावर साबण. मग दोन साबणांची किंमत विचारा. सुट्टे पैसे मोजून द्या. बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत जा आणि विसरलेली काडेपेटी आणायला परत या. घालमेल निम्म्यावर येईपर्यंत किंवा तीस-चाळीस मिनिटं, जे आधी होईल तोवर त्या आसपास थांबा.

*परत आल्यावर* अंदाजाशेजारी घडलेलं लिहा. दुकानदार वजनकाट्याकडे बघत होता, एका लहान मुलाने बघितलं, बोललं कुणी नाही. बस. ‘पण त्याच्या मनात आलंच असेल’ हे लिहायचं नाही. ते दिसलेलं नाही.

तीच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा. सुरुवातीचा आकडा पहिल्या दिवशीच्या निम्मा झाला की पुढची.

सावधान: कोण बघतंय हे मोजत फिरणं म्हणजेसुद्धा तपासणी. तसंच, चेहरा ‘चांगला’ असेल त्या दिवशीच पायरी करणं फुकट जातं. पाळीच्या आधी फोड आलेले असतात, तेव्हाच करायची.

कुणी बघितलंच नाही असं होणार नाही. एखाद-दुसरा बघतोच. पण आपला अंदाज नेहमी वरचा असतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. आपला टी-शर्ट जवळपास निम्म्यांनी टिपला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो चौथाईच्या आसपास लोकांनीच टिपला होता.

६. लक्ष बाहेर वळवा

पायरीवर असताना डोक्यात स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. तो घालवायच्या मागे लागू नका, कानांना काम द्या. समोरचा काय बोलतोय ते घरी जाऊन सांगता आलं पाहिजे असं ऐका. सराव घरीच, पाच मिनिटं: कुकर, शेजारची टीव्ही, रस्त्यावरचा भंगारवाला, एकेक आवाज वेगळा काढायचा.

७. जेवण, वजन आणि उपवास

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. पाणी, मीठ आणि पाळी यांमुळे ते दिवसागणिक किलो-दीड किलो इकडेतिकडे होतंच. रोजच्या आकड्यातून काहीच कळत नाही.

उपवासाकडे मात्र नीट बघा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, वर नवरात्राचे नऊ दिवस. हे व्रत म्हणून असेल तर असो. पण एका वाराचे तीन वार झाले, फराळही टाळला जातोय आणि आई कौतुकाने ‘पोरगी फार देवाधर्माची’ म्हणतेय, तर तो उपवास देवाचा राहिलेला नाही. हे आठवडे जास्तीत जास्त एक वार ठेवा आणि त्या दिवशीही पोटभर फराळ करा. बाकी दिवशी तीन वेळा जेवण: भाकरी, वरण किंवा पिठलं, भाजी. मेसमध्ये सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवणं ही शिडीची पायरी असू शकते.

८. टोमणे आणि बघण्याचा कार्यक्रम

‘सगळं तुझ्या मनात आहे’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. आपल्याकडे रंग आणि अंगलोट यांवर तोंडावर बोलतात. ‘कामून गं एवढी वाळलीस?’ ‘पोरीचा रंग लई उतरला बाई.’ बायोडाटावर ‘गोरी, सडपातळ’ छापलेलं असतं. ही धास्ती हवेतून आलेली नाही. पण बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं या कार्यक्रमात बसत नाही. उत्तर बसतं.

उत्तर एका ओळीचं, खुलाशाशिवाय, आणि लगेच दुसरा विषय. ‘हो काकू. बसा ना, चहा टाकते.’ किंवा, ‘रंग तोच आहे आत्या, तुमचा गुडघा कसा आहे आता?’ ऊन, परीक्षा, झोप असली कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की चर्चा सुरू होते आणि शेवटी कुणीतरी बेसन-दही सुचवतं. अशी तीन उत्तरं वहीत लिहून मोठ्याने दहा वेळा म्हणा. ऐन वेळी सुचत नाही म्हणून तर गप्प बसावं लागतं.

पाहुणे बघायला येणार असतील तर क्रम असा. आठ दिवस आधी: जेवण कमी करायचं नाही. चार दिवस आधीपासून: नवं क्रीम, नवं ब्लीच, नवं फेशियल काहीही नाही. आदल्या दिवशी ब्लीचने भाजलेला चेहरा घेऊन बसायची वेळ अनेकींवर येते. बायोडाटाचा फोटो ॲपने उजळवलेला नको. त्या फोटोसारखं दिसायची जबाबदारी कार्यक्रमाच्या दिवशी तुमच्याच अंगावर येते. मुलाला विचारायचे तीन प्रश्न आधी लिहून ठेवा: कामाच्या वेळा, घरात कोण कोण असतं, लग्नानंतर शिक्षण किंवा नोकरीचं काय. पोह्यांचा ट्रे हातात असताना लक्ष आपल्या दंडावर जातं. विचारायचं काही असेल तर ते समोरच्यावर जातं.

९. घरच्यांसाठी

दिवसातून दहा वेळा ‘मी बरी दिसते ना?’ आलं तर दहा वेळा ‘छान दिसतेस’ म्हणू नका. त्याने पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न परत येतो. आधी तिच्याशी बोलून ठरवा: एकदा उत्तर, मग ‘हे आपण वहीत लिहायचं ठरवलंय ना?’ रागावून नाही, आणि तिला न सांगता अचानकही नाही.

आरशासमोर उभी आहे म्हणून ओरडू नका, ‘नखरे’ म्हणू नका. लग्नाला यायला नको म्हणाली तर ओढत नेऊ नका आणि ‘राहू दे मग’ही म्हणू नका. अर्धा तास बसून परत यायचं, एवढं ठरवा. आणि पाहुण्यांसमोर तिच्या वजनाचा विषय निघाला तर तो वळवायचं काम आईचं किंवा वहिनीचं.

१०. अडलं तर कुठे जायचं

परीक्षा, आजारपण, कुणाचा एखादा शब्द यांनी दोन पायऱ्या खाली येणं होतंच. शिडी पहिल्यापासून सुरू करू नका, दोनच पायऱ्या मागून धरा. चार आठवडे नियमित करूनही एकही आकडा हलला नाही, किंवा कॉलेज-नोकरी सुटायची वेळ आली, तर थांबू नका.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल विचारा. केसपेपर काढताना खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढंच सांगायचं, कारण सांगावं लागत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेक मुली ‘झोप येत नाही’ किंवा ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगून गोळ्या घेऊन येतात, दिसण्याचा विषय लाजेने राहून जातो. म्हणून वही बरोबर न्या, सोमवारच्या ७:४० सारखी एखादी नोंद उघडून सरळ त्यांच्यापुढे ठेवा. सोबत वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत, आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली चिठ्ठी.